अक्काची सही आणि मायचा वाटा



गेल्या वर्षी तुरीच्या राशी झाल्यावर औराद तालुक्यात, चिंताकीच्या बाजूला, एका कुटुंबाने मला घरी बोलाविले. घरधनी दोन महिन्यांपूर्वी निवर्तले होते. त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना झाली, चहा झाला आणि मग थोरल्या मुलाने एक कागद माझ्यापुढे ठेवला. तो हक्कसोडपत्राचा मसुदा होता. बारा एकर जमीन दोघा भावांच्या नावे व्हावयाची होती आणि त्यासाठी सासरी नांदणाऱ्या दोघी बहिणींच्या सह्या हव्या होत्या. धाकटी तयार होती. थोरली काहीच बोलत नव्हती. "फादर, तुम्ही एक शब्द टाका. तुमच्या शब्दाबाहेर अक्का जायची नाही," असे तो मला म्हणाला.

त्याच्या बोलण्यात कपट नव्हते. त्याच्या आत्यानेही पूर्वी अशीच सही केली होती. मुलीच्या लग्नात जे दिले-घेतले, त्यातच तिचा वाटा फिटला, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. तरीही मी गप्प राहिलो. कारण असा शब्द मी पूर्वी एकदा टाकला होता. नवखा धर्मगुरू असताना, दुसऱ्या एका गावी, एका विधवा बहिणीला "भावाशी वाकडेपणा नको" असे समजावून मी सही करावयास लावले होते. घरात शांतता नांदावी, एवढाच माझा हेतू होता. शांतता नांदली खरी, पण तिची सारी किंमत त्या एकट्या बाईने भरली. सासरी थारा राहिला नाही, माहेरी हक्क राहिला नाही. दोन लेकरे घेऊन ती दुसऱ्याच्या रानात रोजाने जाऊ लागली. तिने मला कधी दोष दिला नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग मला अधिक बोचतो.

तेव्हा त्या घरी मी इतकेच म्हणालो, "शब्द टाकण्यापूर्वी कायदा काय सांगतो, ते पाहू या." जे तेथे सांगितले, तेच आज येथे मांडतो.

आपणा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. एखादा पुरुष मृत्युपत्र न करता निवर्तला आणि मागे पत्नी व मुले असली, तर मिळकतीचा एक तृतीयांश भाग पत्नीला मिळतो. उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखे वाटले जातात. त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. विवाहित आणि अविवाहित असाही नाही. मुलेबाळे नसली आणि इतर नातलग असले, तर पत्नीला निम्मा भाग मिळतो. पत्नी आधी वारली, तर तिच्या मिळकतीत पतीलाही हेच प्रमाण लागू होते. आणि लग्नातल्या खर्चाचे काय? त्याचे उत्तर कलम ४९ मध्ये आहे. पित्याने हयातीत एखाद्या अपत्याला जे पैसे वा जी वस्तू दिली असेल, ती त्याच्या वाट्यातून वजा करावयाची नाही. मग हुंड्याच्या नावाने वाटा कापण्याचा प्रश्नच कोठे उरतो? हुंडा देणे-घेणे तर १९६१ पासून गुन्हाच आहे.

बारा एकरांचा हिशेब आम्ही तेथेच मांडला. आईला चार एकर. दोघे मुलगे आणि दोघी मुली, प्रत्येकी दोन एकर.

हिशेब ऐकून सारे घर स्तब्ध झाले, पण ते मुलींच्या वाट्यामुळे नव्हे. सर्वांच्या नजरा उंबऱ्याशी बसलेल्या मायकडे वळल्या. सकाळपासून भाऊ बोलत होते, मेहुणे बोलत होते, मीही बोलत होतो. परंतु सर्वांत मोठा वाटा जिचा, तिला कोणी एक शब्द विचारला नव्हता. मसुद्यात तिचे नावसुद्धा नव्हते. ती संकोचून म्हणाली, "माझ्या नावाचं काय करायचं, फादर? पोरं सांभाळतात की." तेव्हा अक्का प्रथमच बोलली. "आधी मायचं नाव लागू द्या. माझ्या सहीचं मग बघू."

वाचकहो, हा कायदा आपल्या भागात कसा आला, तेही जाणून घेण्यासारखे आहे. बीदर व गुलबर्गा हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. हैदराबादप्रमाणेच त्रावणकोर-कोचीन हेही घटनेतील 'भाग ब' राज्यांपैकी एक होते. १९५१ मध्ये संसदेने एक कायदा करून अनेक केंद्रीय कायदे या राज्यांना लागू केले. त्यांत भारतीय वारसा कायदाही होता, आणि तो १ एप्रिल १९५१ पासून अमलात आला. तथापि केरळात पुढे पस्तीस वर्षे तिकडील ख्रिस्ती कुटुंबे १९१६ च्या जुन्या त्रावणकोर कायद्यानेच वाटण्या करीत राहिली. त्या कायद्याप्रमाणे मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. श्रीमती मेरी रॉय या सीरियन ख्रिस्ती भगिनीने ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे नेली. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, १ एप्रिल १९५१ पासूनच जुना कायदा संपला आहे आणि मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे.

खेदाची गोष्ट अशी की, त्या निर्णयाविरुद्ध केरळातील काही ख्रिस्ती पुढाऱ्यांनीच आवाज उठविला. घरे मोडतील, कोर्टकचेऱ्या वाढतील, अशी त्यांना भीती होती. ती भीती मला परकी नाही. नवखा असताना मीही तिच्याच पोटी बोललो होतो. मेरी रॉय २०२२ मध्ये निवर्तल्या. निकाल लागूनही स्वतःचा वाटा हाती पडण्यास त्यांना पुढे अनेक वर्षे लढावे लागले.

आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरीही वारे बदलले आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क कर्नाटकाने व महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर दिला गेला. म्हणजे सर्व समाजांत प्रश्न आता एकाच ठिकाणी येऊन थांबला आहे. कायद्याने दिलेले आपण सहीने परत घेतो.

पवित्र शास्त्रातील गणना या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय आपण काढून पाहावा. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या. पित्याला मुलगा नाही म्हणून त्याचे नाव का पुसले जावे, असे त्यांनी सर्व लोकांसमक्ष विचारले. मोशेने तो प्रश्न परमेश्वरापुढे नेला आणि निवाडा त्यांच्या बाजूने झाला. तेथे भाऊ नव्हते, ही गोष्ट खरी. म्हणून आपल्या आजच्या कायद्याएवढे त्यातून निघत नाही. परंतु हक्क मागणारी मुलगी उद्धट ठरत नाही, एवढे त्यातून निश्चित निघते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ मध्ये, लिंगावरून होणारा भेदभाव ईश्वराच्या योजनेविरुद्ध आहे, असे स्पष्ट म्हटले आहे.

आता भावांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. जमिनीचे तुकडे होतात, लांब दिलेली बहीण शेत कसणार कसे, आणि म्हातारपणी आईबापांना पाहणार कोण, हे त्यांचे प्रश्न खोटे नाहीत. पण त्यांना उत्तरे आहेत. बहिणीचा वाटा भावाने खंडाने कसावा. योग्य भावाने विकत घ्यावा. ज्याने आईबापांना सांभाळले त्याचा विचार पित्याने मृत्युपत्रात करावा. आणि बहिणीला आपला वाटा भावाला द्यावासाही वाटेल. ते दान थोरच आहे. परंतु जे आपले आहे असे ठाऊक असते आणि जे न देण्याचीही मोकळीक असते, तेच दिल्यास दान ठरते. "सही केली नाहीस तर माहेर तुटले" असे सांगून घेतलेल्या कागदाला दान म्हणता येणार नाही.

काही गोष्टी प्रत्येक घराने ध्यानात ठेवाव्यात. वडील हयात असताना मुलीचा भावी वाटा हस्तांतरित होऊ शकत नाही, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ६ सांगते. म्हणून त्या वेळी कोणत्याही कागदावर सही करू नये. जमिनीचे हक्कसोडपत्र नोंदवावे लागते, आणि नोंदणीपूर्वी ते वाचून घेण्याचा प्रत्येकीला अधिकार आहे. पहाणीत वारसांची नोंद करताना आईचे व मुलींचे नाव घातले आहे की नाही, हे पाहावे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला मिळकत मिळावयाची, त्याने किंवा त्याच्या पत्नीने साक्षीदार होऊ नये, नाही तर तेवढे दान रद्द होते. विवाहित स्त्रीही स्वतःच्या मिळकतीचे मृत्युपत्र करू शकते. वाद उभा राहिलाच, तर १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी विधी सेवेतून विनामूल्य वकील मिळतो.

एक गोष्ट मात्र कायद्याच्या हाती नाही. गोव्यातील कायद्याने मिळकतीचा अर्धा भाग मुलांसाठी राखून ठेवला आहे. आपल्याकडे तसे नाही. येथे पिता मृत्युपत्राने सर्व काही मुलांच्या नावे करून मुलीला रिकाम्या हाताने पाठवू शकतो. तेथे त्याला अडविणारे कोणी असेल, तर ती त्याची सदसद्विवेकबुद्धी होय. म्हणून हे लिहिणे मुलींसाठी आहे, त्याहून अधिक ते बापांसाठी आहे.

त्या घरचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. अक्काने सही केलेली नाही, आणि थोरला भाऊ तिच्याशी पूर्वीसारखा मोकळा बोलत नाही. पण मायचे नाव लावण्याचा अर्ज त्यानेच स्वतः तहसील कचेरीत दिला, हे मला नमूद केले पाहिजे. यापुढे कोणत्याही घरी बहिणीच्या सहीसाठी मी शब्द टाकणार नाही. मला बोलावणे आले, तर मी आधी विचारीन, "माय कोठे बसली आहे?"