दाखल्याची व्यसनमुक्ती

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे काम कोल्हापुरात सुरू झाले. त्यासाठी येथील वकीलवर्गाने आणि नागरिकांनी कित्येक दशके आंदोलन केले होते. सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची पायपीट थांबावी, न्याय जनतेच्या दारी यावा, ही मागणी सर्वस्वी रास्त होती. परंतु ज्याला उच्च न्यायालयाची पायरी आयुष्यात एकदाही चढावी लागत नाही, अशा सामान्य आरोपीची न्यायाशी गाठ पडते ती तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यासमोर. खिशात गांजाची पुडी सापडली म्हणून पकडलेला इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार, शिरोलीच्या फौंड्रीतला कंत्राटी मजूर, शिक्षण अर्धवट सोडून गावी बसलेला तरुण, यांच्या दारी न्याय कोणत्या रूपाने येतो, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही.

ही चौकशी आता करण्याचे कारण असे की, व्यसनी आरोपीला तुरुंगात डांबण्याऐवजी व्यसनमुक्तीचे शिक्षण घेण्यास सांगावे, हा विचार जगभर रुजला आहे. आणि ते शिक्षण मोबाईलच्या पडद्यावर, घरबसल्या, ठरावीक तासांत उरकून छापील प्रमाणपत्र न्यायालयात सादर करावे, अशी सोय अमेरिकेत बाजाराने उपलब्ध करून दिली आहे. अमेरिकेत जे आज विकले जाते ते भारतात उद्या ‘सुधारणा’ म्हणून येते, हा अनुभव नवा नाही. तेव्हा ती सोय येथे येऊन पोहोचण्यापूर्वीच तिची पारख झालेली बरी.

आधी येथील कायदा पाहू जाता आश्चर्य वाटावे इतका तो समंजस आहे. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५ मध्ये संमत झाला. तो एरवी कठोर म्हणून ओळखला जातो, आणि तो तसा आहेही. पण त्याच कायद्यातील कलम ३९ न्यायालयाला असा अधिकार देते की, अमली पदार्थाच्या सेवनाबद्दल अथवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याबद्दल दोषी ठरलेला इसम व्यसनाधीन असेल, तर त्याचे वय, चारित्र्य, पूर्वेतिहास आणि शारीरिक व मानसिक स्थिती ध्यानात घेऊन, त्याच्या संमतीने, त्याला कारावासाऐवजी उपचारासाठी मोकळे करावे. उपचार शासनाच्या अथवा शासनमान्य रुग्णालयात किंवा संस्थेत व्हावयाचे. त्याने जातमुचलका लिहून द्यावयाचा आणि जास्तीत जास्त एक वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल घेऊन न्यायालयापुढे हजर व्हावयाचे. अहवाल समाधानकारक असेल तर समज देऊन, तीन वर्षांपर्यंतच्या चांगल्या वर्तनाच्या हमीवर त्याची सुटका होऊ शकते. २००१ च्या दुरुस्तीनंतर कलम ६४-अ हे आणखी पुढे जाते. अशा किरकोळ गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतः होऊन उपचार मागेल, तर त्याच्यावर खटलाच चालू नये, असे ते सांगते. मात्र उपचार पुरे केले पाहिजेत, अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते.

या कलमांत ‘वर्ग’, ‘तासिका’, ‘प्रमाणपत्र’ असे शब्द नाहीत. तेथे शब्द आहे तो उपचार, आणि ठिकाण आहे ते रुग्णालय. कायदा करणाऱ्यांनी व्यसनाला रोग मानले, अज्ञान मानले नाही. गांजा वाईट आहे हे गांजा ओढणाऱ्याला ठाऊक नसते, अशी समजूत फक्त व्याख्यान देणाऱ्यांची असते.

मग ही कलमे वापरली का जात नाहीत? त्याचे उत्तर न्यायालयाच्या आवारात अर्धा दिवस काढला तरी मिळते. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याच्या भाषेत अल्प प्रमाण ठरतो. त्याच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गुन्हा कबूल करावा, जो दंड होईल तो उसनवारीने भरावा आणि संध्याकाळच्या पाळीला मागावर हजर व्हावे, हा मार्ग कामगाराला सोयीचा, त्याच्या वकिलाला सोयीचा, आणि कामाच्या ढिगाऱ्याखाली दबलेल्या न्यायालयालाही सोयीचा. कलम ३९ चा मार्ग धरावयाचा तर जामीनदार हवा, रुग्णालयात जागा हवी, अहवाल लिहिणारा डॉक्टर हवा, आणि घरी चूल पेटती ठेवणारे दुसरे कोणी हवे. इचलकरंजीहून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाचे अंतर तीस किलोमीटरच्या आसपास. अंतर मोठे नाही. पण ज्याची मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते, त्याची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेला रोज. दंड भरला की खटला संपतो, व्यसन तसेच राहते, आणि पुढच्या वेळी तोच माणूस जुना गुन्हेगार म्हणून उभा राहतो.

देशभराचे चित्र याहून वेगळे नाही. केंद्र शासनासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे सोळा कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांमागे एकालाच कोणत्याही प्रकारचा उपचार मिळतो. अडतीस जणांत उरलेले सदतीस कोठे जातात, हे गावच्या कार्यकर्त्याला निराळे सांगण्याची गरज नाही.

ही जी पोकळी आहे, ती भरून काढण्याचे आश्वासन देत पडद्यावरचा वर्ग येतो. त्याचे गिऱ्हाईक आहे माणूस, पण त्याची खरी सोय होते ती शासनाची.

अमेरिकेत हे कसे घडले, ते पाहण्यासारखे आहे. व्यसनी आरोपीला तुरुंगाऐवजी न्यायालयाच्या देखरेखीखाली उपचार द्यावेत, या हेतूने १९८९ मध्ये मायामी येथे पहिले ‘ड्रग कोर्ट’ सुरू झाले. मूळ कल्पना माणुसकीची होती; न्यायाधीश, डॉक्टर आणि परिवीक्षा अधिकारी यांनी एकाच माणसाकडे पुन्हा पुन्हा लक्ष द्यावे, अशी. पण देखरेख महाग पडते. पुढे किरकोळ गुन्ह्यांतील लोकांवर लक्ष ठेवण्याचे काम काही राज्यांनी खाजगी कंपन्यांकडे सोपविले आणि त्या कंपन्यांचा मेहनताना आरोपीच्याच खिशातून वसूल होऊ लागला. २०१४ मध्ये ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संघटनेने या धंद्यावर सविस्तर अहवाल काढला. ज्याला दंड एकरकमी भरता येतो त्याची सुटका त्याच दिवशी होते, आणि ज्याला येत नाही तो महिनोन्‌महिने देखरेखीचे शुल्क भरत राहून अखेरीस श्रीमंतापेक्षा अधिक रक्कम मोजतो, हे त्या अहवालाने दाखवून दिले. वास्तविक केवळ दारिद्र्यामुळे दंड भरता आला नाही म्हणून परिवीक्षा रद्द करून तुरुंगात टाकता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच ‘बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया’ या खटल्यात दिला होता. निर्णय झाला म्हणून धंदा थांबत नाही.

व्यसनविषयक वर्गांचा बाजार याच वातावरणात वाढला. आठ तासांचा वर्ग, सोळा तासांचा वर्ग, अशी मापे ठरली. पैसे भरावेत, पाने पुढे सरकवावीत, प्रश्नांची उत्तरे द्यावीत, दाखला छापून घ्यावा. २०२० च्या साथीनंतर समोरासमोर चालणारे पुष्कळ वर्गही पडद्यावर गेले. सर्व न्यायालये असे दाखले मान्य करीत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ज्या न्यू जर्सी राज्यात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तेथे मद्य पिऊन मोटार चालविणाऱ्याला राज्याच्या नियंत्रणाखालील केंद्राकडे जावे लागते. तेथील मराठी तरुणाच्या दृष्टीने मात्र हा दाखला निव्वळ न्यायालयाचा कागद नसतो. त्याचा परवाना, नोकरी आणि व्हिसा हे सारेच त्यात अडकलेले असते. अशा माणसाला व्यसन सुटण्यापेक्षा कागद मिळणे निकडीचे वाटले, तर त्यात त्याचा दोष किती?

कागदाने माणसांची दोन वर्गांत वाटणी करण्याची ही कला महाराष्ट्राने फार पूर्वी आत्मसात केली आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यपान हा गुन्हा ठरविला आणि त्याच कायद्याने प्रकृतीच्या कारणावरून मद्याचे परवानेही दिले. ज्याच्याकडे डॉक्टरचा दाखला त्याला बाटली. ज्याच्याकडे दाखला नाही त्याला हातभट्टी आणि कोठडी. पुढे १९७३ मध्ये शासनाने देशी दारूचे नियम करून तिच्या विक्रीचा रस्ता प्रशस्त केला. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील करांची फेररचना करून वर्षाला चौदा हजार कोटी रुपयांच्या जादा उत्पन्नाचा अंदाज बांधला. जे शासन पिणाऱ्याकडून चौदा हजार कोटी अधिक मिळविण्याचा हिशेब मांडते, त्याने पिणाऱ्याला बरे करण्यासाठी एक ध्वनिचित्रफीत आणि एक शपथपत्र पुरेसे मानावे, हा हिशेब कोणत्या नीतिशास्त्रात बसतो?

पुण्यातील घटना अद्याप विस्मरणात गेलेली नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर येथे सतरा वर्षांच्या मुलाने चालविलेल्या आलिशान मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि अटी घातल्या: अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध, वाहतूक नियमनाच्या कामात पंधरा दिवस, आणि व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन. लोकक्षोभ उसळला आणि तीन दिवसांनी मुलाला निरीक्षणगृहात पाठविण्यात आले. या क्षोभात एक गफलत होती, ती समाजवादी कार्यकर्त्यांनी तरी करू नये. बालकाला सुधारणेची संधी देणे हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा गाभा आहे. व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमास पाठविण्याचा अधिकारही त्याच कायद्याने दिला आहे. समुपदेशन सांगितले यात गैर काही नव्हते. संताप येण्याजोगी गोष्ट ही की, जी तत्परता आणि जी ममता त्या दिवशी दिसली, ती राजेंद्रनगरच्या झोपडपट्टीतल्या मुलाच्या वाट्याला कधी आलेली कोणी पाहिली नाही. तीनशे शब्द लिहिण्याइतके शिक्षणही ज्याला मिळाले नाही, त्याने कोणती अट पाळावी?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सामाजिक सेवा ही नवी शिक्षा आली आहे, आणि सार्वजनिक जागी दारू पिऊन गैरवर्तन करणाऱ्याला ती देता येते. कारावासाला पर्याय शोधण्याची ही दिशा स्वागतार्ह आहे. पण पर्याय जितके वाढतील तितकी ते राबविणारी माणसे वाढली पाहिजेत. परिवीक्षेचा कायदा देशात १९५८ पासून आहे. त्याचा आत्मा म्हणजे परिवीक्षा अधिकारी. तो आरोपीच्या घरी जातो, आईशी आणि बायकोशी बोलतो, मालकाला भेटून काम टिकवून देतो. हे काम पडदा करू शकत नाही.

याचा अर्थ मोबाईलला सोवळ्यात ठेवावे असा नाही. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे मोठे साहाय्य होते. तेथील उपचाराचा कणा निवासी काळ जितका, तितकाच नंतरचा पाठपुरावा आणि बरे झालेल्यांचा आपसांतील आधार. चंदगड किंवा गगनबावडा येथून दर आठवड्याला येणे ज्याला परवडत नाही, त्याच्या पाठपुराव्यासाठी दूरध्वनी आणि पडदा हे वरदानच ठरतील. रोज बुडत नाही, गावात बोभाटा होत नाही, आणि बायकोलाही शेजारी बसून ऐकता येते. केंद्राची १४४४६ ही व्यसनमुक्तीची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे; ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. पडद्याच्या पलीकडे नाव विचारणारा, मागच्या वेळचे बोलणे लक्षात ठेवणारा, कोल्हापुरी मराठी समजणारा माणूस असला म्हणजे झाले. हा माणूस शासनाने पगारावर नेमावा आणि आरोपीकडून एक पैसाही घेऊ नये. पडदा रुग्णालयाच्या मदतीला यावा, त्याच्या बदली नको.

नोव्हेंबर २०२१ मध्ये चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडी येथे मुंबई पोलिसांनी ‘एमडी’ बनविणारा कारखानाच उघडकीस आणला. माल तयार करणारे हात कोणाचे आणि पैसा कोणाचा, हे शोधण्याचे काम पोलिसांचे. पण असा माल ज्या तरुणांच्या नसांत उतरतो, त्यांना न्यायालयात एकटे उभे राहू न देणे हे काम चळवळीचे आहे. १९८७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अमली पदार्थांना बळी पडलेल्यांसाठी राष्ट्रीय प्राधिकरणाची २०१५ ची स्वतंत्र योजनाही आहे. इचलकरंजी, गडहिंग्लज, जयसिंगपूर येथील शाखांनी कलम ३९ आणि कलम ६४-अ यांखालील अर्जांचे मराठी नमुने वकीलमित्रांकडून करून घ्यावेत, सीपीआरमध्ये व्यसनी रुग्णांसाठी किती खाटा आणि किती डॉक्टर आहेत हे माहितीच्या अधिकारात विचारावे, आणि जिल्ह्यात परिवीक्षा अधिकाऱ्यांची किती पदे मंजूर आहेत व किती रिकामी आहेत याचा आकडा जिल्हाधिकाऱ्यांकडून लेखी मागावा. जामीनदार म्हणून उभा राहण्यास तयार असलेल्या दहा-दहा माणसांची यादी प्रत्येक शाखेकडे असली, तर पुढच्या महिन्यातच एखादा यंत्रमाग कामगार कळंब्याच्या तुरुंगाऐवजी रुग्णालयाच्या दारात उभा राहील.