कामियांवाचे काळीज

आमच्या घराच्या मागच्या मांगरात एक कामियांव उभे आहे. बेडफर्ड, 'ए' मॉडेल. विलायतेत ही मॉडेले १९५३ ते १९५७ या काळात बनली. आमचे थोरले काका तेव्हा डिचोलीच्या बाजूला खनिज मालाची वाहतूक करायचे, खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत. पोर्तुगीज अमदानीत घेतलेली ही गाडी मुक्तीनंतरही राबली आणि काका थकल्यावर मांगरात जाऊन बसली, ती आजतागायत. गेल्या चवथीला सगळे घर जमले असताना चुलतभावाने विषय काढला, "दादा, हिला परत चालू करूया. शिगम्याच्या मिरवणुकीत आपला चित्ररथ हीच ओढील." सगळ्यांनी माना डोलावल्या. टायर, ब्रेक, रंग, लाकडी फळ्या, सगळे ठरले. अडले ते एकाच जागी. बॉनेट उघडले तर आत इंजिनच नाही!

तर मंडळी, गेले आठ महिने आमच्या घरात एकच वाद चालू आहे. इंजिन कुठले घालायचे? वरवर हा गॅरेजमधला प्रश्न. पण मला तो तेवढाच वाटत नाही, म्हणून आज इथे लिहितो आहे.

आधी थोडा इतिहास. ही गाडी आली तेव्हा तिच्यात बेडफर्डचेच सहा सिलिंडरांचे, साडेतीन लिटरचे पेट्रोल इंजिन होते. ते अजून मांगराच्या कोपऱ्यात पडून आहे. ब्लॉकला चीर गेलेली, पाण्याच्या वाटा गंजून बुजलेल्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पेट्रोलचा खर्च झेपेना, तेव्हा काकांनी गाडी घाटावर बेळगावला नेली आणि तिच्यात पर्किन्सचे 'पी-६' डिझेल इंजिन बसवून आणले. हा काही काकांचा एकट्याचा शोध नव्हे. मद्रासच्या सिम्पसन कंपनीने ही इंजिने भारतात बनवायला घेतली होती आणि देशभरच्या ट्रकवाल्यांनी आपल्या पेट्रोल गाड्या अशाच डिझेलवर आणल्या. पुढे गाडी बसली तेव्हा ते पी-६ एका कुळागरवाल्याने पाण्याच्या पंपासाठी विकत नेले. त्याचा आता पत्ता नाही.

आता पक्ष तीन. चुलतभावाचे म्हणणे, टाटा ४०७ मधले ४९७ इंजिन घाला. (या आकड्यात सगळी कुंडली असते: सिलिंडर चार, बोअर ९७ मिलिमीटर.) ४०७ ही गाडी १९८६ पासून रस्त्यावर आहे, सुटे भाग कुठेही मिळतात, कुठलाही मेस्त डोळे मिटून दुरुस्त करील. पुण्याच्या भाच्याला जुन्या गाड्यांचा नाद. तो म्हणतो, अस्सल ते अस्सल, कंपनीचेच पेट्रोल इंजिन हवे. ब्लॉक शिवून घ्या, नाहीतर विलायतेहून मागवा. तिसरा पक्ष माझा. मी म्हणतो, पी-६ शोधा.

टाटाच्या इंजिनात वाईट काहीच नाही. उद्या या गाडीला पोटासाठी भाडे मारायचे असते, तर मीच पहिला ४९७ आणायला गेलो असतो. पण ते बसवायचे तर चासीतला आडवा पट्टा कापावा लागेल, नवे ब्रॅकेट वेल्ड करावे लागतील, बहुधा गिअरबॉक्सही बदलावा लागेल. पी-६ चे तसे नाही. 'ए' मॉडेलला ते कंपनीकडूनही मिळायचे, त्यामुळे त्याला ही चासी परकी नाही. बेळगावच्या कारागिरांनी पाडलेली भोके आजही तिथेच आहेत. जुन्या वस्तूला हात लावताना पुढच्या माणसाला मागे फिरता येईल इतकेच करावे, असे मला वाटते. घर असो, देऊळ असो वा कामियांव. कापलेली चासी मागे फिरत नाही.

भाच्याच्या 'अस्सल'पणाशी माझे भांडण वेगळे आहे. अस्सल म्हणजे कारखान्यातून निघाले ते, असे कुणी ठरवले? ही गाडी पेट्रोलवर जेमतेम दहा-बारा वर्षे चालली. त्यानंतरचे सगळे आयुष्य तिने पी-६ वर काढले. आरसी बुकात इंधन डिझेल आहे. गावाने तिला ओळखले ते डिझेलच्या त्या खडखडाटाने. वळणावर ती दिसायच्या आधी आवाज यायचा आणि आजी चुलीवर चहाचे आधण ठेवायची.

कामाच्या दृष्टीनेही पाहा. पी-६ म्हणजे पावणेपाच लिटर, २४०० फेऱ्यांना ८३ अश्वशक्ती. पळणार नाही, पण ओढील. चित्ररथ माणसाच्या चालीने न्यायचा, तिथे वेग काय कामाचा? आमचे जुने मेस्त, वय ऐंशीच्या पुढे, त्यांना विचारले तर हसून म्हणाले, "घाटांत घोडो नाका, बैल जाय." एक इशारा मात्र त्यांनीच दिला. पेट्रोल इंजिन ब्रेकच्या सर्व्होला व्हॅक्यूम आपसूक पुरवते, डिझेल पुरवत नाही. त्याला वेगळा एक्झॉस्टर पंप लागतो. तो विसरलात तर शिगम्याच्या गर्दीत गाडी थांबायची नाही. हे ज्ञान आमच्या घरात दुसऱ्या कुणाकडेच नव्हते. पी-६ चा पंप आणि टायमिंग हातांनी लावणारी ही शेवटची पिढी. टाटाचे इंजिन घातले तर त्यांना विचारायचे कारणच उरणार नाही.

चुलतभावाचा एक प्रश्न मात्र मला झोपू देत नव्हता. "काकांनी त्यांच्या काळात सोय पाहिलीच ना? मग आपण पाहिली तर काय बिघडले?" प्रश्न रास्त आहे. पण काकांपुढे घर चालवायचे होते. आपल्यापुढे काका आठवायचे आहेत. त्यांनी केलेला बदल हा त्या गाडीच्या आयुष्याचा भाग झाला. आपण करू तो आपल्या सोयीचा असेल.

कायदाही विसरून चालत नाही. इंजिन बदलायचे तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे वाहतूक खात्याची मंजुरी हवी. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम केले, त्यात पन्नास वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न झालेली वाहने धरली आहेत. ते नियम लिहिताना मोटारी आणि दुचाक्या डोळ्यांसमोर होत्या, भार वाहणारे ट्रक नव्हते. मला खटकते ते हेच. पोर्तुगीज काळातली पालखी, खुर्ची, झुंबर आपण जपतो. पण खाणींनी गोवा घडवला आणि बिघडवलाही, त्या खाणींचा माल वाहिलेले कामियांव भंगारात जाते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा झाल्या, तेव्हा दारोदारी उभे राहून गंजलेले ट्रक आपण पाहिले. त्यांच्या मागे कर्जे होती, घरे होती. त्या सगळ्या कहाणीची सुरुवात आमच्या मांगरात उभी आहे. ती निदान स्वतःच्या आवाजात बोलावी.

असो. वाद अजून मिटलेला नाही. पुढच्या चवथीपर्यंत पी-६ मिळाले नाही तर टाटा, असा तह झाला आहे. तेव्हा वाचकहो, तुमच्या कुळागरात, पंपाच्या खोपीत सहा सिलिंडरांचे एखादे जुने इंजिन पोफळीच्या झावळ्यांखाली पडले असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जरा थांबा. कदाचित ते आमच्या काकांचेच असेल.