तिल्लारीचे पाणी, बांबोळीची खाट

सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग, बांदा किंवा सावंतवाडीच्या सरकारी दवाखान्यात रात्री डोक्याला मार बसलेला किंवा छातीत कळ आलेला रुग्ण आला, की डॉक्टर प्रथमोपचार करतात, चिठ्ठी लिहितात आणि नातेवाइकांना सांगतात, ‘बांबोळीक व्हरा.’ कोल्हापूरचे नाव निघत नाही, कारण मध्ये घाट आहे. सावंतवाडीहून बांबोळी साठेक किलोमीटर. रुग्णवाहिका गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडते आणि गोवा मेडिकल कॉलेजच्या, म्हणजे सगळे ज्याला गोमेकॉ म्हणतात त्याच्या कॅज्युअल्टीसमोर उभी राहते. याच पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या. गोवा मुक्त झाला, नाका राहिला. रुग्णाच्या घरच्यांना मात्र आपण परराज्यात आलो हे अनेक वर्षे जाणवतही नव्हते.

ते जाणवले १ जानेवारी २०१८ पासून. त्या दिवशी गोवा सरकारने गोमेकॉत परप्रांतीय रुग्णांकडून उपचारांचे शुल्क घेण्यास सुरुवात केली. दोडामार्गात आंदोलन पेटले. महाराष्ट्राला आमची फिकीर नसेल तर तालुकाच गोव्यात विलीन करा, अशी मागणीही उठली. महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून बिले भागवता येतील का, यावर दोन्ही सरकारांच्या वाटाघाटी झाल्या. पण मूळ प्रश्न तसाच राहिला: हे रुग्णालय नेमके कोणाचे?

हा प्रश्न गोव्यात नवा नाही. त्याचे वय पाचशे वर्षांचे आहे.

१५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा जिंकला आणि लगेच एक रुग्णालय उभे केले. पुढे ते ‘ओस्पिताल रेआल’, म्हणजे राजाचे इस्पितळ, म्हणून ओळखले गेले. ते गोंयकारांसाठी नव्हते. लिस्बनहून महिनोन् महिने समुद्र कापून येणाऱ्या शिपायांसाठी आणि खलाशांसाठी होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा कारभार जेझुइटांकडे गेला. १६०८ मध्ये फ्रान्स्वा पिरार् हा फ्रेंच प्रवासी आजारी अवस्थेत तिथे दाखल झाला. मालदीवजवळ जहाज फुटून काही वर्षे तिकडेच अडकलेला हा माणूस इथली व्यवस्था पाहून थक्क झाला. चांदीची भांडी, स्वच्छ चादरी, उत्तम जेवण; असे इस्पितळ जगात दुसरीकडे नसेल, असे त्याचे मत पडले. आणि तरीही सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत तिथे सुमारे २५ हजार शिपाई मेल्याचे इतिहासकार सांगतात. चांदीच्या ताटाने हिवताप आणि हगवण बरी होत नाही, हे राजाच्या इस्पितळाला फार महागात समजले. गंमत अशी की खुद्द पोर्तुगीज अधिकारी आजारी पडले की अनेकदा स्थानिक हिंदू वैद्यांनाच बोलावत. या वैद्यांचा जम इतका बसला की १६१८ मध्ये शहराच्या सिनेटने त्यांची संख्या तीसवर मर्यादित केली.

जुने गोवे रोगराईने ओस पडू लागले तसे इस्पितळही आधी पणेलीला आणि नंतर पणजीला हलले. १८४२ मध्ये मांडवीकाठी माकिनेझ वाड्यात ‘एस्कोला मेदिको-सिरुर्जिका’ सुरू झाली. गोव्यात तिला आशियातील सर्वांत जुने वैद्यकीय महाविद्यालय म्हणण्याची सवय आहे. कलकत्त्याचे आणि मद्रासचे १८३५ चे आहे, तेव्हा हा अभिमान जरा आवरलेला बरा. मुंबईच्या ग्रँट मेडिकलपेक्षा मात्र ती तीन वर्षांनी जुनी, हे खरे.

या शाळेचेही इस्पितळासारखेच झाले; तीही गोंयकारांसाठी राहिली नाही. तिने घडवलेले डॉक्टर मोझांबिक, अंगोला, तिमोर अशा पोर्तुगीज वसाहतींत पाठवले गेले, आणि तेही दुय्यम पदांवर, कारण पोर्तुगालमधल्या पदवीपुढे गोव्याची पदवी कमी धरली जाई. याच शाळेतून शिकलेले फ्रान्सिस्कू लुईश गोमिश पुढे लिस्बनच्या संसदेत गोव्याची बाजू मांडत होते. विसाव्या शतकात फ्रॉयलानू द मेलू यांनी इथेच हिवतापावर आणि क्षयावर काम केले. गुणी माणसांची वाण कधीच नव्हती. संस्था कोणासाठी चालवायची हे मात्र दूर कुठेतरी ठरत असे.

मुक्तीनंतर चित्र पालटले. १९६३ मध्ये शाळेचे गोवा मेडिकल कॉलेज झाले आणि ते मुंबई विद्यापीठाला जोडले गेले. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत गोमेकॉच्या डॉक्टरांच्या पदव्यांवर मुंबईचाच शिक्का असे. नंतर टप्प्याटप्प्याने सगळा बाडबिस्तरा बांबोळीच्या पठारावर गेला. पणजीतल्या जुन्या गोमेकॉच्या आवारात २००४ पासून इफ्फी या चित्रपट महोत्सवाची लाल गालिचावाली वर्दळ असते. सामान्य माणसाचे सर्वसाधारण सरकारी रुग्णालय म्हणून बांबोळी वाढली ती मुक्तीनंतरच्या याच काळात, आणि तिच्याबरोबर सिंधुदुर्गाचा भरवसाही वाढला. १९८१ मध्ये रत्नागिरीपासून वेगळा झालेला हा जिल्हा ओरोसला मुख्यालय उभारण्यात गुंतला होता; मोठे ऑपरेशन म्हटले की गाडी दक्षिणेकडेच वळे.

गोव्याची तक्रार खोटी नाही. करदाता गोव्याचा, खाटा मोजक्या, आणि वॉर्डात जमिनीवर गादी टाकून पडलेला पेडण्याचा किंवा सत्तरीचा माणूस विचारतो की आमच्या इस्पितळात आम्हालाच जागा का नाही? मे २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत गोमेकॉतल्या प्राणवायूचा दाब पहाटेच्या वेळी घसरत होता. ११ मे रोजी पहाटेच्या काही तासांत २६ रुग्ण दगावल्याचे आरोग्यमंत्र्यांनीच सांगितले, आणि उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला रोज सुनावणी घ्यावी लागली. क्षमतेच्या टोकावर चालणाऱ्या रुग्णालयाचे काय होते, हे गोवेकरांनी स्वतः भोगले आहे.

चूक आहे ती पैसे कोणाकडे मागितले त्यात. बिल काउंटरवर उभ्या असलेल्या भेडशीच्या शेतमजुराकडे मागितले गेले. ते मुंबईच्या मंत्रालयाकडे मागायला हवे होते. २०१८ मध्ये पणजीत आणि मुंबईत एकाच पक्षाचे मुख्यमंत्री होते. तरीही दोन राज्यांमधला हिशेब रुग्णाच्या खिशातून चुकता करण्याचा सोपा मार्ग निवडला गेला. योगायोग असा की मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर स्वतः त्याच वर्षी उपचारांसाठी मुंबईचे लीलावती, गोमेकॉ, अमेरिका आणि दिल्लीचे एम्स अशा फेऱ्या करत होते. उपचार जिथे आहेत तिथे माणूस जातो. गोव्याचे कर्करुग्ण कित्येक वर्षे परळच्या टाटा रुग्णालयात जात आले आहेत. मुंबई महापालिकेतही बाहेरच्यांना वेगळा दर लावण्याची चर्चा अधूनमधून होते. उद्या ती खरी झाली तर पणजीतून काय प्रतिक्रिया येईल?

आणि सीमेच्या अलीकडचे लोक गोव्याला परके तरी किती? बांदा-दोडामार्गातली शेकडो मुले रोज सकाळी दुचाकी काढून गोव्यातल्या कारखान्यांत आणि हॉटेलांत कामाला जातात. अपघात झाला तर तो बहुधा गोव्याच्याच रस्त्यावर होतो. माकडतापाचे तर विचारूच नका: आधी सत्तरीत, मग २०१६ मध्ये दोडामार्गातील केर गावात तो पसरला, आणि दोन्हीकडचे रुग्ण उपचारांसाठी बांबोळीत आले. जंगल एकच आहे.

तोडगा शोधायला फार लांब जावे लागत नाही. दोडामार्गातच तिल्लारीचे धरण आहे. जमीन आणि गावे गेली महाराष्ट्रातल्या लोकांची. पाण्याचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा १९९० च्या करारानुसार गोव्याचा. खर्चाची विभागणी ठरलेली आहे, दोन्ही राज्यांचे नियंत्रण मंडळ आहे, भांडणे होतात पण कालवा वाहतो. बार्देशच्या नळाला येणाऱ्या पाण्यासाठी कोणी घरमालकाला तू परप्रांतीय पाणी पितोस म्हणून काउंटरवर उभे करत नाही. पाण्यासाठी जे जमले ते खाटांसाठी का जमू नये? सिंधुदुर्गातून वर्षभरात किती रुग्ण बांबोळीला गेले याची नोंद गोमेकॉकडे असतेच. त्यावरून महाराष्ट्राने दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी, तिच्यातून बांबोळीत खाटा आणि परिचारिका वाढाव्यात, आणि रुग्णाला फक्त आधारकार्ड दाखवावे लागावे. चंडीगडच्या पीजीआयवर पंजाब, हरयाणा, हिमाचल असा सगळा टापू अवलंबून आहे; ती केंद्राची संस्था असल्याने ती कोणत्या राज्याची हा प्रश्न तिथे उभा राहत नाही. इथे केंद्र नाही, तर दोन राज्यांनी मिळून ती जागा भरायला हवी.

महाराष्ट्राला मात्र नुसते पैसे देऊन सुटता येणार नाही. सिंधुदुर्गचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०० जागांसह २०२१-२२ मध्ये मंजूर झाले, तेही जिल्हा चाळीस वर्षांचा झाल्यावर. सावंतवाडीच्या मल्टिस्पेशालिटी रुग्णालयाचा विषय जागेच्या वादात वर्षानुवर्षे रखडला. महाविद्यालयाची पाटी लागली म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया होत नाही. त्यासाठी न्यूरोसर्जन, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि रात्री दोन वाजता उघडे असलेले ऑपरेशन थिएटर लागते. ओरोसच्या या महाविद्यालयात प्राध्यापकांच्या बदलीचा आदेश निघाला की तो रद्द करून घेण्यासाठी मुंबईत चकरा सुरू होतात, हे कोकणातला प्रत्येक आमदार जाणतो. शासकीय महाविद्यालयांतून शिकलेल्या डॉक्टरांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. त्या नेमणुकांत दोडामार्ग, वैभववाडी आणि ओरोस यांना पहिला क्रम मिळावा, आणि तिथे राहायला गळके नसलेले क्वार्टर्स असावेत. निदान येत्या दोन वर्षांत अपघात आणि हृदयविकार या दोन गोष्टी तरी ओरोसला सांभाळता आल्या, तर बांबोळीच्या कॅज्युअल्टीवरचा ताण बराच हलका होईल आणि पणजीशी करार करायला बसताना मुंबईच्या हातात काहीतरी असेल.