डिस्क बसवली म्हणजे ब्रेक झाले, असं नसतं मिस्त्री!

आज पिकाचं काही नाही. आज गाडीचं लिहितोय, आणि रागानं लिहितोय, सांभाळून घ्या.

आमची जुनी डिझेल जीप इथल्या फोटोंत तुम्ही शंभर वेळा बघितली असेल. चारी चाकांना ड्रम ब्रेक. ओढ्यातून काढली की पुढचे दोन-चार ब्रेक देवाच्या भरवशावर, कारण ड्रममध्ये पाणी गेलं की लायनर धरत नाहीत. म्हणून पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवून घेतली. तालुक्याच्या गॅरेजवाल्यानं सकाळी गाडी घेतली, संध्याकाळी दिली. "दादा, आता बोटानं दाबा, जागेवर उभी राहील."

पाचव्या दिवशी दिवे घाटात पॅडल खाली फळीला टेकलं. मागं सीताफळाचे १८ कॅरेट, शेजारी पुतण्या. सासवडकडून हडपसरकडं उतरताना काय होतं ते त्या रस्त्यानं जाणाऱ्यांना सांगायला नको. गाडी दुसऱ्या गिअरला होती आणि हँडब्रेक शाबूत होता, म्हणून डोंगराच्या बाजूच्या गटारीत चाक घालून थांबवली. उतरून बघतो तर पुढच्या दोन्ही चाकांतून धूर. अर्ध्या तासानं चाकं गार झाली आणि पॅडल आपोआप परत वर आलं! हे नीट लक्षात ठेवा, पुढं कामाला येतंय.

गॅरेजवाला म्हणाला, "पॅड अजून बसायचेत दादा." पुढच्या आठवड्यात पॅड बदलले. मग ऑइल बदललं. मग म्हणाला कॅलिपरच खराब आला असेल, दुसरा टाकू. प्रत्येक वेळी बिल आमचं. अरे, पॅड बसले नसतील तर ब्रेक कमी धरेल, पॅडल फळीला कशाला जाईल? आणि ब्रेक न दाबता चाक कशानं तापेल?

ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. पान पिवळं पडलं की दुकानात जायचं, दुकानदार तीन बाटल्या देतो, एक बुरशीची, एक किडीची, एक टॉनिक. मुळाशी पाणी साचलंय का हे कुणी उकरून बघत नाही. गॅरेजमध्ये तेच चाललंय. पार्ट बदलायचा, विचार करायचा नाही.

शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या फिटरनं एका पान्यावर अर्ध्या तासात निदान केलं. एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलेला माणूस. आधी गाडी फिरवून चाकं तापवली, मग पुढचं चाक जॅकवर घेतलं. हातानं फिरेना. कॅलिपरची निपल सैल केली, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं. म्हणजे कॅलिपर जाम नाही, आत प्रेशर अडकलंय. निपल घट्ट करून पॅडल दाबलं, चाक परत धरलं. आता मास्टर सिलिंडर आणि बूस्टरमधले दोन नट थोडे सैल केले. चाक अर्धवट सुटलं. म्हणजे बूस्टरचा दांडा मास्टरच्या पिस्टनला कायम टेकून होता, ऑइलला टाकीत परत जायची वाटच बंद. मग मास्टरजवळची नळी सैल केली, आणि चाक पूर्ण सुटलं. दुसरा चोर मास्टरच्या तोंडाशी बसलेला.

तो चोर म्हणजे जुन्या ड्रमच्या मास्टरमधला छोटा व्हॉल्व्ह. पॅडल सोडलं तरी तो लाइनमध्ये थोडं प्रेशर ठेवतो. ड्रमला ते चालतं, कारण शू मागं ओढायला आत दणकट स्प्रिंग असतात. डिस्कच्या कॅलिपरला तशी स्प्रिंग नसते. तेवढं प्रेशर राहिलं तरी पॅड डिस्कला घासत राहतात. घासून तापतात, तापून ऑइल उकळतं. डॉट ३ ऑइल कोरडं असेल तर निदान २०५ अंशापर्यंत टिकतं, पण हे ऑइल हवेतली ओल पितं आणि ओल प्यालेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ, वाफ दाबली जाते, पॅडल फळीला. गार झालं की वाफेचं परत ऑइल. आता घाटातला अर्धा तास कळला?

म्हणजे नवीन डिस्कमध्ये काही खोट नव्हती. खोट होती ज्याला मिस्त्रीनं हातच लावला नाही त्या जुन्या मास्टरमध्ये. चाकाला नवीन सामान आणि डोकं मात्र ड्रमचंच!

पारावर लगेच सुरू झालं, "जुनं ते सोनं, ड्रमच बरे होते." मला हे मान्य नाही. डिस्क पाण्यातून निघाली की दोन फेऱ्यांत कोरडी होते, तापली तरी लवकर गार होते. डिस्क चांगलीच आहे. पण ब्रेक ही पॅडलपासून चाकापर्यंतची एकच गोष्ट आहे, त्यातला अर्धा बदलून पूर्ण पैसे घेणं ही लबाडी आहे. पुढं डिस्क, मागं ड्रम असेल तर त्या जोडीचाच मास्टर पाहिजे. कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला ऑइल जास्त लागतं. जुना लहान मास्टर तेवढं ढकलत नाही, मग पॅडल खोल जातं. कुणी वैतागून भलताच मोठा मास्टर टाकतो, तर पॅडल दगड होतं, कारण तेवढ्याच पायाला आता प्रेशर कमी मिळतं.

दगड झालं तर बूस्टरही बघा. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा स्वतःचा व्हॅक्यूम मिळत नाही, त्याला वेगळा पंप असतो. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाचदा दाबा, पाय तसाच ठेवून गाडी चालू करा. पॅडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर पंप, त्याची नळी नाहीतर बूस्टर.

पॅडल स्पंजासारखं लागत असेल आणि कितीही एअर काढली तरी जात नसेल, तर आधी निपल कुठं आहे ते बघा. डाव्याचा कॅलिपर उजव्याला बसवला की निपल खाली येते, आणि हवा तर वर बसलेली असते. दुसऱ्या दाबाला पॅडल वर येत असेल तर बहुतेक वेळा मागचे लायनर ढिले आहेत. पाय दाबून धरल्यावर हळूहळू बुडत असेल आणि बाहेर कुठं गळत नसेल, तर मास्टरचे आतले रबर गेले. जुने होज पाइप तर बदलाच, आतून फुगले की ऑइल जातं पण परत येत नाही. आणि हात जोडून सांगतो, ट्रॅक्टरचं ऑइल जीपच्या ब्रेकमध्ये टाकू नका. सगळे रबर फुगून बसतात.

मला राग येतोय तो बिलाचा नाही. याच गाडीत रोज सकाळी वाडीवरच्या सात-आठ बायका मजुरीला येतात. घाटाच्या आदल्या दिवशी त्या मागं बसलेल्या होत्या, आणि गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडलंय म्हणून मी डिझेलला शिव्या देत होतो. चाकं धरलेली आहेत हे मलाही कळलं नाही, ही माझी चूक. त्या मिस्त्रीनं गाडी देताना दहा किलोमीटर फिरवून चाकाला हात लावून बघितला असता तर त्याला तिथंच कळलं असतं. पाच मिनिटांच्या कामासाठी त्याला वेळ नव्हता.

मास्टर आता डिस्क-ड्रमचा बसवलाय, दांड्याला थोडा खेळ ठेवलाय, होज नवीन आहेत. कालच्या फेरीत चाकं नुसती कोमट होती. मागचे लायनर अजून ॲडजस्ट करायचेत. उद्या वाटाणा तोडायला बायकांना आणायचंय, त्यासाठी चुलत्यांची गाडी मागितलीय.