आज्ञापत्र कोणी ऐकले?

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या पेठ गावात समुद्राचा वारा पोचत नाही. तरीही इथे ‘आज्ञापत्र’ पुन्हा चाळताना बोट अडते ते टोपीकरांच्या प्रकरणावरच. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६च्या सुमारास बजावून ठेवले होते की, हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी यांची राज्ये आहेत. वखारीला जागा द्यावीच लागली तर खाडीच्या मुखाशी देऊ नये.

पुढे चाळीसच वर्षांनी, फेब्रुवारी १७५६मध्ये, नानासाहेब पेशव्यांशी करार केलेल्या इंग्रजांनी विजयदुर्गापाशी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले. त्याच वर्षीच्या तहात इंग्रजांना बाणकोट मिळाले. म्हणजे नेमके सावित्रीचे मुख!

ग्रंथ कोल्हापूरकर संभाजीराजांच्या नावचा, पेशवे सातारच्या गादीचे. तेव्हा परक्या गोटातला सल्ला कोण ऐकणार, असे म्हणता येईल. मला ते पुरेसे वाटत नाही. पंत काही उपरे नव्हते. शिवछत्रपतींच्या काळापासून त्यांनी राज्य पाहिले, राजाराममहाराजांच्या पडत्या काळात सांभाळले. अडचण वेगळी होती. टोपीकर कोण, हा पेशव्यांपुढचा प्रश्नच नव्हता. अनावर झालेला तुळाजी कसा वाकवावा, हा होता. परराष्ट्रनीती म्हणून आपण जे वाचतो ते तिथे घरचे भांडण होते, आणि त्या भांडणात पंतांचा सल्ला निरुपयोगी, मुंबईकरांची गलबते मात्र उपयोगी.

जिंकलेला विजयदुर्ग इंग्रजांकडून ताब्यात घ्यायलाही पेशव्यांना कित्येक महिने घासाघीस करावी लागली.