शाळेचा अकरा आकडी पत्ता

बंगळूरला बनशंकरी भागात माझी धाकटी जाऊ राहते. एकदा गौरी-गणपतीच्या सुमारास तिच्याकडे गेले होते. दुपारी घरकामाला येणाऱ्या अक्का हातात एक कागद घेऊन रडवेल्या चेहऱ्याने दारात उभ्या राहिल्या. त्यांची मुलगी सरकारी शाळेत शिकते. आर्थिक दुर्बल घटकांसाठी केंद्र सरकारची जी शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत होते, ती तिने दिली आणि पासही झाली. नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये मिळायचे. अर्जही भरला होता. पण शाळेत चौकशी केली तर उत्तर मिळाले, "तुमचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही."

जावेने कागद निरखून पाहिला. शाळेचे नाव बरोबर होते, क्रमांक मात्र दुसऱ्याच शाळेचा! संगणकाच्या दुकानातल्या मुलाने यादीत ओळखीचे नाव दिसताच तेच निवडले होते. त्याच नावाची आणखी एक शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. अर्ज तिथे जाऊन पडला. तिथल्या गुरुजींना ही मुलगी कोण, हे कसे ठाऊक असणार?

हा क्रमांक म्हणजे शाळेचा यू-डायस क्रमांक. १९९४ साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्या काळात शाळांची माहिती जिल्हावार गोळा करण्याची पद्धत बसली. २०१२-१३ पासून प्राथमिक व माध्यमिक शाळांची माहिती एकत्र आली आणि यू-डायस हे नाव रूढ झाले. क्रमांकात आकडे अकरा. पहिले दोन राज्याचे (कर्नाटकाचे २९, आपल्या महाराष्ट्राचे २७), पुढचे दोन जिल्ह्याचे, मग दोन तालुक्याचे किंवा गटाचे, तीन गावाचे किंवा प्रभागाचे आणि शेवटचे दोन त्या शाळेचे. थोडक्यात, हा शाळेचा पत्ताच. नावे सारखी असतील, पण हा क्रमांक दोन शाळांना सारखा नसतो. परीक्षा मंडळाचा क्रमांक वेगळा, संलग्नतेचा वेगळा. म्हणून कोणी आकडा सांगितला की आधी मोजावा आणि पहिले दोन आकडे आपल्या राज्याचे आहेत का, ते पाहावे.

क्रमांक शोधायचा कसा? पहिली वाट मुख्याध्यापकांची. महाराष्ट्रात तो शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही असतो. नाही तर यू-डायसच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, गट निवडून शाळा शोधता येते. नाव जुळले म्हणून थांबू नये. पत्ता आणि इयत्ताही ताडून पाहाव्यात.

नव्या शाळेला क्रमांक हवा असेल तर अर्ज शाळेनेच करायचा. तो गट, जिल्हा आणि राज्य अशा पायऱ्या तपासला जातो. पालकांना तो मागून मिळत नाही. म्हणूनच प्रवेशाची फी भरण्यापूर्वी "शाळेचा यू-डायस क्रमांक काय?" असे विचारायला संकोच करू नये. "येईल लवकरच" हे उत्तर मिळाले तर मन आवरावे. आणखी एक सावधगिरी: क्रमांक आहे म्हणजे मान्यता आहेच, असे नव्हे. मान्यता नसलेल्या शाळांचीही नोंद या यादीत होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खासगी शाळेला मान्यतेचे प्रमाणपत्र लागते. ते वेगळे पाहायला मागावे.

अक्कांचे काय झाले? जाऊ दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन त्या दूरच्या शाळेत गेली. तिथल्या गुरुजींनी अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवला. मुदत संपायला चार दिवस उरले असताना तो योग्य क्रमांकाने पुन्हा भरला गेला. या वेळी अक्कांची लेक स्वतः शेजारी बसून एकेक आकडा मोठ्याने वाचत होती.

घरी आल्यावर मी पहिले काम काय केले असेल? नातवाच्या शाळेचे अकरा आकडे रेशनकार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवले. तुम्हीही आजच लिहून ठेवा.