यंत्र आलं, सिस्टर कुठाय?

अपघाताचा पेशंट आणला की आपण विचारतो, "डॉक्टर आलेत का?" पण रात्रभर त्याच्या उशाशी कोण असतं? सिस्टरच ना!

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. अशा पेशंटची श्वासाची वाट मोकळी ठेवायची, मान हलू द्यायची नाही, अंग गार पडू द्यायचं नाही. गारठ्याने रक्त नीट गोठत नाही. आतून रक्तस्राव होत असला तरी तरुण माणसाचं बीपी बराच वेळ ठीक दिसतं. आधी वाढते ती नाडी. शुद्ध ३ ते १५ गुणांत मोजतात. दोन गुण उतरले तरी डॉक्टरांना तातडीने बोलवायचं. हे सगळं टिपते ती शिकलेली नजर.

भारतीय परिचर्या परिषदेने यासाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखलाय. अतिदक्षता विभागात एका पेशंटमागे एक परिचारिका, असा निकषही आहे. पण तालुक्याच्या गावी एकटी सिस्टर किती खाटा सांभाळते, ते आपण बघतोच. मग वाढलेली नाडी टिपणार कोण?

नव्या यंत्राचं उद्घाटन झालं की आपण टाळ्या वाजवतो. मैत्रिणींनो, पुढच्या वेळी एवढं विचाराच: त्या यंत्रापाशी सिस्टर किती, आणि त्यांना शिकवलंय का?